आरोग्य सचिव नेमताना आपल्याला कोणी काही विचारतं का?

रामबागकर

मंडळी, प्रश्न सरळ आहे. आपल्या मध्य प्रदेशात आरोग्य सचिव किंवा आरोग्यमंत्री नेमला जातो, तेव्हा या खात्यात येऊन तुम्ही काय करणार, असं त्यांना उघडपणे कोणी विचारतं का?

डोक्यात यायचं कारण अमेरिका. २०२५ च्या जानेवारीअखेर रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांना तिथल्या सिनेटच्या दोन समित्यांनी लागोपाठ दोन दिवस समोर बसवलं. लसींबद्दल ते आधी काय काय बोलून गेले होते, ते एकेक काढून विचारलं. सगळं टीव्हीवर. मग १३ फेब्रुवारीला मतदान झालं, ५२ विरुद्ध ४८, आणि ते आरोग्य खात्याचे प्रमुख झाले. नेमणूक चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवा. माणूस खुर्चीत बसायच्या आधी त्याची मतं लोकांना कळली, एवढं तर खरं? आपल्याकडे रात्री आदेश निघतो आणि सकाळी पेपरात 'प्रशासनिक फेरबदल' म्हणून नावांची लांबलचक यादी येते. आरोग्य खातं त्यात कुठेतरी मध्येच.

मी जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात नोकरी केली. वरचा माणूस बदलला की खाली काय होतं ते जवळून बघितलंय. आमच्या ऑपरेशन थिएटरचा मोठा ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं मशीन, जुना झाला होता. दरवाजाचं रबर गेलेलं, फटीतून वाफ यायची, ओटीच्या सिस्टर हँडलला ओला टॉवेल गुंडाळून तो बंद करायच्या. नव्या मशीनची नोटशीट मीच टाइप केलेली. ती भोपाळला गेली, त्रुटी निघाली, आम्ही उत्तर पाठवलं, आणि मंजुरीपर्यंत पोचते न पोचते तोच वरचे साहेब बदलले. नव्या साहेबांचा शेरा आला, 'औचित्य सहित पुनः प्रस्तुत करें'. तोवर कोटेशनांची मुदत संपलेली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. असं एकदा नाही, वारंवार झालं. मशीन आलं तेव्हा ज्या सर्जननी ते मागितलं होतं ते निवृत्त होऊन पुण्याला राहायला गेले होते.

माझं म्हणणं असं, की आरोग्य सचिव हा आरोग्याचं काम केलेला माणूस असावा, शक्यतो डॉक्टर. आणि नेमणुकीआधी, निदान रुजू झाल्यावर महिन्याभरात, त्याने आमदारांच्या समितीसमोर उघडपणे बसून उत्तरं द्यावीत. खात्यात काम केलेल्यांनी जरूर लिहा.

सुहास_लोकमान्यनगर

चांगला विषय काढलात काका. एक मात्र आधीच स्पष्ट करू. अमेरिकेतले आरोग्य सेक्रेटरी हे आपल्या मंत्र्यासारखे, राजकीय नेमणुकीचे. आपला सचिव आयएएस अधिकारी, सरकार बदललं तरी नोकरीत राहणारा. सुनावणी मंत्र्याची हवी की सचिवाची, हे ठरवून बोलूया. नाहीतर धागा भरकटेल.

भिया_छप्पनवाला

इंदूरकरांचा धागा आणि भरकटणार नाही? पोह्यांची प्लेट घेऊन बसलोय, चालू द्या.

ॲड_मेधा

कायद्यातलं आधी सांगते. केंद्रात पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती मंत्री नेमतात, कलम ७५. राज्यात मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल, कलम १६४. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ सभागृहाच्या पंधरा टक्क्यांत बसवावं लागतं. बस, एवढंच. मंत्र्याचं शिक्षण किती, त्या खात्याचा अनुभव आहे का, याबद्दल घटनेत एक अक्षर नाही.

केंद्रातल्या सचिवांची नेमणूक मंत्रिमंडळाची नियुक्तीविषयक समिती करते. नाव भारदस्त, सदस्य दोनच, पंतप्रधान आणि गृहमंत्री. ज्या खात्याला सचिव मिळणार त्या खात्याचा मंत्री या समितीत नसतो. राज्यात हा अधिकार व्यवहारात मुख्यमंत्र्यांचा.

तेव्हा काका, तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर 'नाही' असंच आहे. कोणी विचारत नाही, कारण विचारायची तरतूदच नाही.

डॉ_निखिल

रामबागकरांशी शंभर टक्के सहमत. मी सरकारी नोकरीत आहे म्हणून जपून लिहितो. आढावा बैठकीत आम्हाला विचारतात, सिझेरियनचा आकडा कमी का? मग सांगावं लागतं की त्या ठिकाणी रक्त साठवायची सोय नाही, भूलतज्ज्ञ नाही, बाईला टेबलावर घेतलं आणि रक्तस्राव सुरू झाला तर तिथून इंदूरला न्यायला लागणारा वेळ तिच्याकडे नसतो. हे समजावण्यात बैठक संपते. पुढच्या बैठकीला साहेब नवे, पुन्हा तोच पाढा.

डॉक्टर सचिव होऊच शकत नाही असंही नाही. दिल्लीत २००७ साली आरोग्य संशोधन विभाग वेगळा झाला. आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक हेच त्याचे सचिव असतात. बलराम भार्गव हृदयरोगतज्ज्ञ, त्यांच्यानंतर आलेले राजीव बहलही डॉक्टर. आयुष मंत्रालयात २०१७ साली वैद्य राजेश कोटेचा यांना सचिव केलं, ते तर आयएएस नाहीतच, आणि वर्षानुवर्षं त्याच पदावर राहिले. आयुर्वेदाचं खातं वैद्याच्या हाती देता येतं, तर आरोग्याचं डॉक्टरच्या का नाही?

माजी_अनुभाग_अधिकारी

माझी उभी नोकरी भोपाळला वल्लभ भवनात, म्हणजे मंत्रालयात गेली, आता मुलाकडे इंदूरला असतो. डॉक्टरसाहेब, तुमचा राग कळतो. पण आरोग्य सचिवाच्या टेबलावर दिवसभर काय येतं ते मी बघितलं आहे. सकाळी हायकोर्टाची अवमानना नोटीस, कुठल्याशा कर्मचाऱ्याच्या वेतनवाढीची. मग वित्त विभागाचा आक्षेप. मग विधानसभेचा तारांकित प्रश्न, उत्तर आजच्या आज. औषध खरेदीच्या निविदेवर हरलेल्या कंपनीची तक्रार. आणि बदल्यांवरची बंदी उठलेली असली तर आमदारांच्या पत्रांचा गठ्ठा. यात वैद्यकशास्त्र कुठे येतं? वित्त विभागाशी भांडून पैसा काढून आणणारा माणूस लागतो. आधी वित्त विभागात राहिलेला अधिकारी आरोग्याला आला की फायली धावायच्या, कारण त्या कुठे अडतात हे त्याला पाठ असायचं.

डॉक्टर खात्यात आहेतच. संचालक डॉक्टर असतात, केंद्रात आरोग्य सेवा महासंचालक डॉक्टर असतात. त्यांनी नोटशीटवर लिहिलेल्या मताला वजन किती, हा खरा प्रश्न आहे.

भिया_छप्पनवाला

आणि डॉक्टर सचिव झाले तर नोटशीटवरचा शेरा वाचणार कोण? प्रत्येक फाइलबरोबर एक केमिस्ट पाठवावा लागेल.

डॉ_निखिल

भिया, हसलो. हल्ली सगळं टाइप होतं, काळजी नसावी.

अनुभागकाका, वजन अजिबात नसतं हेच तर दुखणं आहे. संचालकांचं मत एक पान, त्याखाली 'चर्चा करें' एवढा शेरा, आणि चर्चा होतच नाही.

संगीता_टिळकनगर

मला डॉक्टर की आयएएस या वादात पडायचं नाही. मला २०२० आठवतं. २३ मार्चला मुख्यमंत्र्यांनी एकट्यांनी शपथ घेतली. आधीच्या सरकारातले आरोग्यमंत्री आपल्याच जिल्ह्यातले, सांवेरचे तुलसी सिलावट, पण ते सरकारच पडलेलं. दुसऱ्या दिवशी रात्री देशभर लॉकडाऊन. आणि २१ एप्रिलपर्यंत मध्य प्रदेशात मुख्यमंत्र्यांशिवाय एकही मंत्री नाही. महामारीत आरोग्यमंत्रीच नाही! त्याच दिवसांत इंदूरचं नाव रोज देशाच्या बातम्यांत होतं. एप्रिलच्या सुरुवातीला आरोग्य विभागाच्या प्रधान सचिवच पॉझिटिव्ह निघाल्या, त्यांच्या खात्यातले आणखी अधिकारीही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले होते. सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा व्हायचं आणि नेहमीचं सेंटर एकाएकी बंद झालं. जिथे फोन करावा तिथे एकच उत्तर, 'ऊपर से आदेश नहीं आया'. आमदारांकडे फोन लावला तर तिथले गृहस्थ म्हणाले, ताई, आम्ही तरी कोणाला सांगायचं? शेवटी ओळखीच्या एका सिस्टरनी दुसरीकडे सोय लावून दिली. बांबूखालून वाकून त्यांना बाहेर काढलं, मागे अंगावरची शाल बांबूच्या सुतळीत अडकली तर सोडवत बसायलाही वेळ नव्हता, तशीच सोडली.

मंत्री असते तर सेंटर चालू राहिलं असतं असा माझा दावा नाही. पण विचारायचं कोणाला, हे तरी माहीत असलं असतं.

प्रकाश_सुदामानगर

संगीताताई, तुमच्यावर गुदरलं ते वाईटच. पण मंत्री नव्हते म्हणून काम अडलं हे मला पटत नाही. मुख्यमंत्री थेट अधिकाऱ्यांशी बोलत होते, मधला एक टप्पा कमीच झाला. मार्चअखेर इंदूरला कलेक्टर म्हणून मनीष सिंह आले. आधी महापालिका आयुक्त असताना शहर स्वच्छ करण्याचं काम त्यांनी केलेलं, त्यामुळे इथली वस्ती न् वस्ती ठाऊक. डॉक्टर नव्हते, पण शहर जाणत होते. नेमणूक अशी हवी.

संगीता_टिळकनगर

प्रकाशदादा, कलेक्टरांनी काम केलं नाही असं मी म्हटलेलं नाही. रेशन, बंदोबस्त, दवाखाने, सगळं एकाच टेबलावर होतं. पण विधानसभेत उभं राहून आरोग्य खात्याचं उत्तर कलेक्टर देत नाहीत, ते मंत्र्यांनाच द्यावं लागतं. आणि मंत्रीच नाहीत.

ॲड_मेधा

संगीताचा मुद्दा बरोबर आहे. त्या वर्षाची पुढची हकिगतही बघा. २१ एप्रिलला पाच मंत्र्यांनी शपथ घेतली. आरोग्य खातं नरोत्तम मिश्रांकडे गेलं, गृह खात्याबरोबर. म्हणजे लॉकडाऊनचा बंदोबस्त आणि रुग्णालयं एकाच माणसाकडे. जुलैत विस्तार झाला आणि आरोग्य डॉ. प्रभुराम चौधरींकडे आलं, ते स्वतः डॉक्टर. मार्च ते जुलै एवढ्या काळात सिलावट, मग कोणीच नाही, मग मिश्रा, मग चौधरी.

आणि सिलावट? त्या पाचांत तेही होते, जलसंपदा मंत्री म्हणून. पण आमदारकीचा राजीनामा दिलेला. कलम १६४(४) प्रमाणे आमदार नसलेला मंत्री सहाच महिने राहू शकतो. पोटनिवडणूक ३ नोव्हेंबरला गेली आणि सहा महिने ऑक्टोबरात भरले, त्यामुळे त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. सांवेरमधून निवडून आले आणि ३ जानेवारी २०२१ ला पुन्हा शपथ घेतली. २००१ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की निवडून न येता त्याच माणसाला सहा-सहा महिन्यांनी पुन्हा नेमता येणार नाही. नेमणुकीवर घटनेचा लगाम आहे तो एवढाच. लोकांनी निवडलंय का, हे ती बघते. काम येतं का, हे बघत नाही.

निर्मला_रामचंद्रनगर

मंत्री कोण होणार हे कामावर ठरत नाही, ते इंदूरने ताईंच्या वेळी अनुभवलंय. सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेवर निवडून आल्या. अटलजींच्या सरकारात राज्यमंत्रीच राहिल्या. २०१४ ला आमच्या घरात सगळे धरून चालले होते की आता कॅबिनेट मिळणार. त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, तो मान मोठाच. पण मंत्रिमंडळात प्रदेश, जात, गट सगळं बसवताना माणसाचा अनुभव शेवटी बघतात.

इतिहासवेडा_मल्हारगंज

अवांतर वाटेल, पण जाणता माणूस शोधून बाहेरून आणायची रीत इंदूरला जुनी आहे. सर टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण होते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना इथे दिवाण म्हणून आणलं, १८७३ साली.

आणि आरोग्याचाच दाखला हवा असेल तर पॅट्रिक गेडीस. मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक, पुढे नगररचनाकार. प्लेगने शहर जेरीला आलं होतं तेव्हा होळकर दरबाराने त्यांना बोलावलं. १९१८ चा त्यांचा इंदूरवरचा अहवाल नगररचनेचे विद्यार्थी अजून वाचतात. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली आणि जाहीर केलं की ती ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही, ज्या मोहल्ल्यांनी घरं आणि रस्ते सगळ्यांत चांगले साफ केले असतील तिथून जाईल. लोकांनी उंदरांची बिळं बुजवली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर काढल्या. स्वच्छतेत पहिला नंबर आपण आत्ता मिळवतोय, पाया तेव्हाचा आहे. आणि गेडीस डॉक्टर नव्हते.

रावपुरा_वडोदरा

माधवरावांना तुम्ही दोन वर्षांतच जाऊ दिलंत, ते आमच्या नशिबाने! १८७५ ला मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं, सयाजीराव अजून लहान होते, तेव्हापासून १८८२ पर्यंत बडोद्याचा कारभार माधवरावांनी बघितला. विस्कटलेलं राज्य त्यांनी बसवलं. माणसं पारखून नेमायची महाराजांची पुढची सवय याच तालमीतली, असं आमच्याकडची जुनी मंडळी मानतात.

लष्करकर

दिवाणांचा विषय निघाला आणि ग्वाल्हेरच्या दिनकरराव राजवाड्यांचं नाव नाही? हे बरं नव्हे.

सुहास_लोकमान्यनगर

लष्करकर, नोंद घेतली. पण या अवांतरातच उत्तर दडलंय असं मला वाटतं. तेच माधवराव, तीच बुद्धी. इंदूरला दोन वर्षं, बडोद्याला सात. त्यांचं नाव आज बडोद्यात जास्त निघतं. मुदत मिळाली म्हणून.

आकडेमोड

सुहासच्या मुद्द्याला केंद्रातल्या आरोग्य सचिवांची जोड देतो. प्रीती सुदान २०१७ ते जुलै २०२०. राजेश भूषण तिथून सप्टेंबर २०२३ पर्यंत. कोविडचा काळ या दोघांत गेला आणि सलगता बऱ्यापैकी राहिली. पुढे बघा. सुधांश पंत आले, आणि डिसेंबर संपता संपता राजस्थानचे मुख्य सचिव म्हणून गेले. मग अपूर्व चंद्रा, ते २०२४ च्या सप्टेंबरात निवृत्त. मग पुण्य सलिला श्रीवास्तव. सव्वा वर्षही झालं नाही तोवर देशाच्या आरोग्य खात्याने चार सचिव बघितले. यात कोणी अकार्यक्षम होतं असं नाही. निवृत्तीला थोडे महिने उरलेला अधिकारी नेमायचा आणि मग नवा शोधायचा, ही पद्धतच चुकीची.

गृह, संरक्षण आणि परराष्ट्र सचिवांना दोन वर्षांची ठरलेली मुदत असते, निवृत्तीचं वय मध्ये आलं तरी. गुप्तवार्ता विभाग आणि रॉच्या प्रमुखांनाही. आरोग्य सचिव त्या यादीत नाही. देशाच्या सीमेची काळजी घेणाऱ्याला मुदत हवी हे सरकारला कळतं. लसीकरण, क्षयरोग, बालमृत्यू ही कामं दोन-चार महिन्यांत होणारी आहेत का?

माजी_अनुभाग_अधिकारी

बरोबर. राज्यांसाठीही नियम आहे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर काही निवृत्त अधिकारी सुप्रीम कोर्टात गेले होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की अधिकाऱ्यांना किमान मुदत द्या, बदल्यांसाठी सिव्हिल सर्व्हिसेस बोर्ड नेमा, आणि तोंडी हुकमांवर काम करू नका, लेखी घ्या. २०१४ मध्ये नियम बदलले, किमान दोन वर्षं आली. पण मुदतीआधी हलवायचं असेल तर बोर्डाची शिफारस घेऊन हलवता येतं, आणि त्या बोर्डाचे अध्यक्ष मुख्य सचिव. शिफारस न मिळायला काय झालं?

न्यूजर्सीचा_राजवाडा

सुनावणीबद्दल इथे राहून जे दिसतं ते लिहितो. केनेडींच्या वेळी वित्त समितीत १४ विरुद्ध १३ असं सुटलं. त्या समितीतले सिनेटर बिल कॅसिडी स्वतः डॉक्टर, लसींचे पुरस्कर्ते. त्यांनी सुनावणीत अवघड प्रश्न विचारले आणि शेवटी बाजूने मत दिलं. विरोधात गेलेले एकमेव रिपब्लिकन म्हणजे मिच मॅकॉनेल, ज्यांना लहानपणी पोलिओ झाला होता. बाकी सगळे आपापल्या पक्षाबरोबर. त्यामुळे सुनावणी झाली की नालायक माणूस आपोआप गळतो, असं समजू नका.

पण उपयोग होतो. २००९ मध्ये ओबामांनी याच पदासाठी टॉम डॅशल यांचं नाव दिलं होतं. चौकशीत थकवलेला कर बाहेर आला आणि त्यांनी माघार घेतली. निखिल, तुमच्यासाठी आणखी एक उदाहरण. २०१७ चे टॉम प्राइस हाडांचे सर्जन होते. सरकारी खर्चाने खासगी विमानं वापरली म्हणून त्याच वर्षी राजीनामा द्यावा लागला. पदवीने माणूस कळत नाही.

डॉ_निखिल

तुमचं उदाहरण मान्य, पण एका सर्जनवरून सगळे डॉक्टर बाद कसे होतील? डॉ. हर्षवर्धन ईएनटी सर्जन. दिल्लीचे आरोग्यमंत्री असताना त्यांनी १९९४ च्या २ ऑक्टोबरला पल्स पोलिओ सुरू केलं, तेच पुढे देशभर गेलं, आणि २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्याच वर्षी ते देशाचे आरोग्यमंत्री झाले आणि नोव्हेंबरात खातं काढून घेतलं. डॉक्टरही मिळाला होता, अनुभवही होता. टिकू दिलं नाही.

निर्मला_रामचंद्रनगर

आणि राजकुमारी अमृत कौर? देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री, डॉक्टर नाहीत. १९४७ पासून दहा वर्षं खातं त्यांच्याकडे राहिलं. दिल्लीचं एम्स १९५६ ला उभं राहिलं ते त्यांच्या चिकाटीने, न्यूझीलंडकडून मदत मिळवून. डॉक्टर असो नसो, एवढा वेळ कोणाला देतो आता आपण?

दवाबाजार_पंकज

मी औषधांच्या ठोक धंद्यातला. सचिव आणि मंत्री सोडा, खालच्या नेमणुकांचं बघा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडे कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपने वीसहून जास्त लेकरं गेली. सिरप तामिळनाडूत बनलेलं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन तिथल्या तपासणीत ४८.६ टक्के निघालं, चालतं ते ०.१ टक्का. आपल्या सरकारने औषध निरीक्षक निलंबित केले आणि औषध नियंत्रकांची बदली केली.

निलंबन व्हायलाच हवं. पण एकेका निरीक्षकाकडे किती दुकानं, किती गोदामं असतात हे आम्हाला रोज दिसतं. नमुना घेऊन गेला तर अहवाल यायच्या आत माल विकून संपतो. निरीक्षकांच्या जागा भरायच्या, प्रयोगशाळेला माणसं द्यायची, हे ठरवणारी खुर्ची वरची. त्या खुर्चीत आधी कोण कोण बसून गेलं आणि त्यांनी या जागांचं काय केलं, हे कोणी विचारलं नाही. लेकरं गेल्यावर सगळ्यांत खालच्या माणसाचा कागद निघाला. माझी नात त्याच वयाची आहे. हे लिहितानाही हात थरथरतोय.

भिया_छप्पनवाला

पंकजभाऊ, यावर काही बोलवत नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

आकडेमोड

पंकजभाऊंच्या प्रतिसादानंतर लिहायला जड जातंय, तरी एक राहिलेला मुद्दा. बाहेरचा तज्ज्ञ सचिव नेमायचा तर दारं बंद नाहीत. आपले डॉ. विजय केळकर अर्थशास्त्रज्ञ, आयएएस नव्हेत, तरी पेट्रोलियम सचिव आणि पुढे वित्त सचिव झाले. २००२ मध्ये आर. व्ही. शाही खासगी कंपनीतून थेट ऊर्जा सचिव. परमेश्वरन अय्यर आयएएस सोडून गेलेले, त्यांना २०१६ मध्ये स्वच्छ भारतसाठी सचिव म्हणून परत बोलावलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मात्र ४५ पदांची थेट भरतीची जाहिरात आरक्षणाच्या मुद्द्यावर मागे घ्यावी लागली, आणि तो आक्षेप रास्त होता. मार्ग काढता येईल, आधी इच्छा हवी.

ॲड_मेधा

सुनावणीबद्दल माझं मत. अमेरिकेत सभागृहाला अध्यक्षांचं मंत्रिमंडळ अविश्वास ठरावाने पाडता येत नाही, म्हणून नेमतानाच अडवायची सोय. आपल्याकडे सरकार रोज सभागृहाला उत्तरदायी आहे, म्हणून मंत्र्याची वेगळी सुनावणी घटनाकारांनी ठेवली नाही. ते मला योग्य वाटतं. पण मग अधिवेशनं पुरेसे दिवस चालायला हवीत आणि प्रश्नांना खरी उत्तरं मिळायला हवीत.

सचिवांसाठी रस्ता आहे. संसदेची आरोग्याची स्थायी समिती आहे, ती सचिवांना बोलावते, विचारते. पण बैठक बंद दाराआड, आपल्याला फक्त नंतरचा अहवाल दिसतो. नवा सचिव आला की पहिली बैठक उघडी ठेवा, एवढी मागणी कोणत्याही घटनादुरुस्तीशिवाय करता येईल. विधानसभेतही तसं करता येईल.

रामबागकर

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. पंकजभाऊ, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. डॉक्टर सचिव हवा हे मला अजून वाटतंच, निखिल म्हणतात त्याच कारणाने. पण मुदतीचा मुद्दा त्याच्याही आधी ठेवायला हवा. आमच्या ऑटोक्लेव्हची फाइल डॉक्टर नसलेल्या साहेबांमुळे अडली नाही, कोणीच टिकलं नाही म्हणून अडली.

मेधाताई, संसदेच्या समितीपर्यंत आपला हात पोचणार नाही. आपण इंदुरात बसून काय करू शकतो ते सांगा.

ॲड_मेधा

काका, माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क. गेल्या दहा वर्षांत मध्य प्रदेशच्या आरोग्य विभागात सचिव, आयुक्त आणि इंदूर जिल्ह्यात सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) या पदांवर कोण होतं, रुजू झाल्याची तारीख, कार्यमुक्त झाल्याची तारीख. मुदतीआधी बदली झाली असेल तर सिव्हिल सर्व्हिसेस बोर्डाच्या शिफारशीची प्रत. मत विचारायचं नाही, कारण विचारायचं नाही, फक्त कागद मागायचे. यादी हातात आली की आमदारांकडे जाऊ, पेपरात देऊ.

माजी_अनुभाग_अधिकारी

अर्ज कुठे लावायचा ते नीट बघा. जून २०२३ मध्ये भोपाळच्या सतपुडा भवनाला आग लागली, त्यात आरोग्य संचालनालयाच्या फायली जळाल्या. तिथे अर्ज दिलात तर हेच उत्तर येईल. सचिव आणि आयुक्तांच्या पदस्थापनेचे आदेश सामान्य प्रशासन विभाग काढतो, ते वल्लभ भवनात आहेत. अर्ज तिथे. सीएमएचओंसाठी दुसरा अर्ज इथेच, त्यांच्या कार्यालयात. आणि २०२४ मध्ये लोक स्वास्थ्य आणि चिकित्सा शिक्षा हे दोन्ही विभाग एक झाले, म्हणून आधीच्या वर्षांसाठी दोन्हींची नावं लिहा. नाहीतर 'संबंधित नहीं' म्हणून परत येईल.

संगीता_टिळकनगर

मेधाताई, 'प्रभारी' कोण कोण होते तेही मागा. कागदावर जागा भरलेली दिसते आणि खुर्चीत प्रभारी असतो. मसुदा हिंदीत मी टाइप करून देते.

ॲड_मेधा

प्रभारीचा मुद्दा घेतला. संगीता, मसुदा रविवारपर्यंत पाठव. अर्जदार म्हणून माझं नाव घालते, शुल्काचं रामबागकर काका बघतील.